फटफटीचा चातुर्मास

देव आषाढी एकादशीला झोपतात. आमची फटफटी त्यांच्याही आधी, मृगाच्या तोंडावर. रत्नागिरीजवळ समुद्राच्या अंगाला घर, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची तांबड्या मातीची घाटी अशी, की जुलैत तिच्यावरून म्हैससुद्धा विचार करून उतरते. तेव्हा दसऱ्यापर्यंत गाडी पडवीत आणि मी एसटीत, हे ठरलेलं.

गाडी नुसती ठेवायची तर एक रविवार पुरतो. आधी गोड्या पाण्याने धुवायची, कारण खाऱ्या वाऱ्याने उन्हाळाभर बसवलेलं मीठ कोरड्या फडक्याने जात नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की हे मीठ आपणहून पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे हवा त्याहून कोरडी झाली तर लोक ज्योतिषाकडे जातील. मग कडक उन्हात वाळवायची. टाकी गळ्यापर्यंत भरायची, नाहीतर रिकाम्या जागेतल्या दमट हवेने पत्र्याला आतून घाम फुटतो. त्यात पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल, आणि त्याला पाण्याचं भारी वेड. कार्ब्युरेटर रिकामा, इंजिन ऑइल नवं, प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल, दोन सावकाश किका, प्लग परत जागेवर. चेन डिझेलने आणि जुन्या टूथब्रशने घासून तिला नव्वद नंबरचं ऑइल. बॅटरी घरात, सायलेन्सरच्या तोंडात बोळा. तो नसला की आत गांधीलमाश्या बिऱ्हाड करतात.

इथवर सगळं शास्त्रशुद्ध. पुढे अडचण अशी, की गाडीवर घरातल्या सगळ्यांचं प्रेम आहे.

आप्पांचं म्हणणं, इंजिन रोज पाच मिनिटं चालू केलं नाही तर ते आखडतं. मी समजावलं, "आप्पा, लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी लांब पळाली तर त्याची वाफ बाहेर पडते. पाच मिनिटांत इंजिन नुसतं कोमट होतं आणि ते पाणी सायलेन्सरात बसून राहतं. म्हणून तर सायलेन्सर आतून सडतात."

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पेट्रोल जाळून पाणी होतं? मग आमच्या वडलांनी विहीर कशाला खणली?"

दुसऱ्या दिवशी मी अंघोळीला गेलो आणि पडवीतून किकांचा आवाज आला. बोळा उपटून बाकावर ठेवलेला. तेव्हापासून प्लगची टोपी माझ्या खिशात असते, ती नसली की कितीही किका मारा, इंजिन लागत नाही. कंडक्टरला सुटे पैसे देताना ती एकदा त्याच्या हातात गेली. त्याने ती निरखून परत दिली आणि म्हणाला, "एक रुपया कमी आहे."

आईचा विषय वेगळा. तिने बाजारातून निळी ताडपत्री आणली आणि गाडीला टायरखालून खोचून गुंडाळली. आता पडवीची जमीन सारवलेली. खालून ओल येते ती ताडपत्रीत अडकते, आणि चार दिवसांनी कोपरा उचलला की आतून थेंब टपकतात. बाहेर पाऊस आणि आत वेगळा पाऊस. मी ताडपत्री काढून चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि वरून जुनी सुती चादर टाकली, वारा खेळेल अशी. आईला ते पटलं नाही. "येणारीजाणारी माणसं काय म्हणतील? बायको असती तर तिलाही असंच फाटकं नेसवलं असतंस?" लग्नाचा विषय चेनस्प्रॉकेटवरूनही निघू शकतो, हे आईकडून शिकावं.

मग मी इंजिनाखाली साठ वॉटचा पिवळा बल्ब लावला. हवा जरा उबदार राहिली की पत्र्यावर ओल धरत नाही, एवढंच त्यातलं गणित. पण आषाढात अख्ख्या घरात एकच कोरडी, ऊबदार जागा झाली, ही बातमी लपेल कशी? पहिल्यांदा हँडलच्या टोकाला आप्पांचं बनियन आलं. क्लचच्या दांडीवर पुतण्याचे मोजे आले. सीटवर सुपात सादळलेले पापड, मागच्या कॅरिअरवर काडेपेट्यांचा पुडा, आरशावर काकूचा ओला टॉवेल. ज्या गाडीला हवेतला दमटपणा लागू नये म्हणून मी जिवाचं रान करत होतो, तिच्या अंगावर घरचं सगळं ओलं वाळत पडलं, आणि त्यातून निघणारी वाफ चादरीखाली! मी तक्रार केली तर काकू म्हणाली, "पोराने शाळेत ओल्या मोज्यांनी जायचं का?" याला उत्तर नाही.

शेजारच्या दादांना मात्र गाडीत रस नव्हता, गंज लागू नये म्हणून मी आणलेल्या स्प्रेत होता. मी एकदा बोलून गेलो की डब्ल्यूडी-४० हे १९५३ सालचं अमेरिकन औषध, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलेलं. तेव्हापासून दादा रोज "जरा रॉकेटचं दे" म्हणत यायचे. त्यांच्या फाटकाची कडी, विहिरीचा रहाट, विळीचं पातं, छत्रीची तार, सगळं क्षेपणास्त्राच्या तोडीचं झालं. डबा श्रावणात संपला. मला फारसं दुःख झालं नाही. त्याचा थर पातळ, चार महिने कुठला टिकायला? उघड्या लोखंडाला मी आधीच ग्रीस फासलं होतं, आणि ते मागायला दादा येत नाहीत, हात बरबटतात.

दसऱ्याला चादर काढली. क्रोम लखलखीत, स्पोकांवर एक ठिपका नाही, चेन मऊ. बॅटरी बसवली, टोपी लावली, तिसऱ्या किकेला इंजिन लागलं. आप्पा म्हणाले, "मी मधूनमधून किका मारल्या म्हणून." मी गप्प बसलो.

तेवढ्यात आई पूजेचं तबक घेऊन आली. हेडलाइटला हळदकुंकू, हँडलला झेंडूची ओली माळ, आणि मी नको नको म्हणेपर्यंत फूटरेस्टवर आपटून नारळ फोडला. पाणी थेट चेनवर आणि सायलेन्सरवर. मी फडकं उचललं, तशी आईने माझा हात धरला.

"आज पुसायचं नाही हो. तीर्थ आहे ते."