चांदूर बाजारचं नाव इंग्रजीत करायची काही गरज नाई

सेतू अन् ऑपरेटर लोकांच्या ग्रुपवर एक मेसेज लय फिरून राहिला: “फोल्डरमधल्या सगळ्या फायलींवर एकच काम करायचं तर एलएसचं आउटपुट फॉर लूपमध्ये टाका. मराठी नावानं स्क्रिप्ट तुटते, आधी नावं इंग्रजी करा. फायली नंबरानंच येतात.” एलएस म्हणजे लिनक्सची फायलींची यादी दाखवणारी कमांड, अन् फॉर लूप म्हणजे एकेक फाइल घेऊन तेच काम परत परत करणं. मेसेजमधल्या तिन्ही गोष्टी चूक आहेत, अन् पहिली तं धोक्याची आहे.

मराठीचं आधी घेतो, काऊन की त्याच्यापायी लोक खरंच नावं बदलून राहिले. लिनक्समध्ये फाइलच्या नावात फक्त स्लॅश अन् नल बाइट (शून्य किमतीचा बाइट) चालत नाई, बाकी सगळं चालते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह, मात्रा धरून, ३ बाइटचं, अन् ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे गाव अन् शेतकऱ्याचं पूर्ण नाव आरामात बसते. तुटते ते स्पेसनं. अन् आपल्याकडे चांदूर बाजार, नांदगाव खंडेश्वर, बोरी अरब, गावांची नावंच दोन शब्दांची, इंग्रजी केलं तरी स्पेस तिथंच राह्यते ना! वरून प्रत्येकाची स्पेलिंग वेगळी, मंग शोधत बसा.

आता एलएस. त्याचं आउटपुट बॅशसाठी (लिनक्समध्ये कमांड अन् स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) नुसता मजकूर, स्पेस दिसली की तोडलं. समजा ‘चांदूर यादी.पीडीएफ’ अन् नुसती ‘यादी.पीडीएफ’ अशा दोन फायली आहेत अन् तुम्ही फक्त चांदूरवाल्या एलएसनं काढून लूपमध्ये आरएम (फाइल उडवायची कमांड) लावला. ‘चांदूर’ नावाची फाइल सापडत नाई, अन् ‘यादी.पीडीएफ’ उडते, जिला तुम्हाला हातही लावायचा नव्हता! एलएस काढा, थेट ‘फॉर एफ इन डॉट स्लॅश स्टार डॉट पीडीएफ’ लिहा अन् आत डॉलर एफ (म्हणजे त्या वेळची फाइल) कायम डबल कोट्समध्ये ठेवा, नाव अख्खं राह्यते. डॉट स्लॅश याच्यासाठी, की डॅशनं सुरू होणारं नाव कमांडला ऑप्शन वाटते. फोल्डर रिकामं असलं तं स्टार तसाच लूपमध्ये घुसते, त्याला बॅशची नलग्लॉब सेटिंग चालू करा. काही स्कॅनर एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये टाकतात, त्या फायली सुटतात, तिथं नोकेसग्लॉब सेटिंग, ते लहान-मोठं अक्षर सारखंच धरते.

नंबराचं म्हणाल तं १, १०, २ असंच येते, काऊन की नाव आकड्यानं नाई, एकेक अक्षर पाहून लावल्या जाते, म्हणून ००१ पासून नावं द्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत काम करत असाल तं तिच्या लिस्टडिरला (फोल्डरमधली नावं देणारं फंक्शन) क्रमच नसतो, क्रम लावणारं सॉर्टेड लावाच, अन् लिस्टडिर नुसतं नाव देते, फोल्डरचा पाथ देत नाई, म्हणून ‘फाइल सापडली नाही’ येते. पाथलिब ही पाथ हाताळायची लायब्ररी पायथन ३.४ पासून त्याच्यातच आहे, त्याचा आयटरडिर पाथसकट देते.