‘यूएलसी १९९९ लाच मेला, एक पैसाही भरू नका’ म्हणणाऱ्या ढकलपत्राला उत्तर

राम जेठमलानींचा फोटो लावलेलं एक ढकलपत्र सध्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतंय. माझ्या मावशीच्या सोसायटीतही ते पोहोचलं आणि पुनर्विकासाच्या तोंडावर असलेल्या कार्यकारिणीने त्याच्या भरवशावर वकिलाकडचा टायटल सर्च (जमिनीच्या मालकीच्या कागदांची तपासणी) थांबवला. म्हणून हे लिहितोय.

ढकलपत्राचा मजकूर थोडक्यात असा: कायदामंत्री जेठमलानींनी १९९९ मध्ये एका फटक्यात देशभरातला नागरी कमाल जमीन धारणा कायदा, म्हणजे यूएलसी (शहरात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवू न देणारा कायदा), रद्द केला. त्यामुळे सात-बारावरचा किंवा मिळकत पत्रिकेवरचा यूएलसीचा शेरा तेव्हापासून बाद आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर तो भ्रष्टाचार. कायदा गेल्यामुळे घरं स्वस्त झाली. पुढे त्यांनी नेमलेल्या घटना आयोगाने मालमत्तेचा हक्क पुन्हा मूलभूत केला. आणि माहितीचा अधिकारही त्यांनीच दिला.

आधी पदाचं पाहू, कारण ते एका वाक्यात संपतं. रद्दीकरणाचा अध्यादेश ११ जानेवारी १९९९ चा आहे आणि तेव्हा जेठमलानी केंद्रात नगरविकास मंत्री होते. कायदा खातं त्यांच्याकडे नंतर आलं आणि जुलै २००० मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

आता ‘एका फटक्यात देशभर’. जमीन हा राज्यांचा विषय. १९७६ चा मूळ कायदा संसदेने केला तो संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली, म्हणजे महाराष्ट्रासह अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी तसा ठराव करून दिल्यावर. असा कायदा राज्याला एकट्याने रद्द करता येत नाही आणि संसदेने रद्द केला तरी राज्याने ठराव करून ते रद्दीकरण स्वीकारेपर्यंत त्या राज्यात तो चालूच राहतो. १९९९ चा रद्दीकरण कायदा सुरुवातीला फक्त पंजाब, हरियाणा आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला, हे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं आहे. उत्तर प्रदेश आणि गुजरातने तो त्याच वर्षी मार्चमध्ये स्वीकारला, आंध्र प्रदेशने २००८ मध्ये. महाराष्ट्राने स्वीकारला २९ नोव्हेंबर २००७ रोजी, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना. तोही केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाचा निधी हवा असेल तर हा कायदा काढा, अशी अट आल्यावर. म्हणजे एका आघाडीच्या मंत्र्याने आणलेलं रद्दीकरण दुसऱ्या आघाडीच्या सरकारने आठ वर्षांनी इथे लागू केलं. याचं सगळं श्रेय किंवा सगळं खापर एका माणसाच्या नावावर टाकणारे दोन्हीकडचे लोक चुकतात.

ही आठ वर्षं केवळ इतिहासाचा तपशील नाहीत. जानेवारी १९९९ ते नोव्हेंबर २००७ या काळात मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे सक्षम प्राधिकाऱ्यांनी काढलेले आदेश कायदा चालू असताना निघालेले आहेत. तुमच्या फाइलमधला आदेश २००४ चा असेल तर ‘कायदा तेव्हा नव्हताच’ हा बचाव पहिल्याच सुनावणीत पडतो.

आता सर्वांत घातक मुद्दा: शेरा बाद, पैसे भरू नका.

हे ज्याने लिहिलं त्याने रद्दीकरण कायद्याचं कलम ३ वाचलेलं नाही. तो कायदा अवघ्या काही कलमांचा आहे. कलम ३ म्हणतं की मूळ कायदा रद्द झाल्याने तीन गोष्टींना धक्का लागणार नाही. एक, मूळ कायद्याच्या कलम १०(३) खाली शासनाच्या मालकीची झालेली आणि जिचा ताबाही घेतला गेला अशी जमीन. दोन, मूळ कायद्याच्याच कलम २०(१) खाली दिलेल्या सवलतीच्या आदेशाची वैधता आणि त्या आदेशानुसार केलेली कारवाई. तीन, त्या सवलतीची अट म्हणून शासनाला केलेला भरणा. पुढचं कलम ४ सांगतं की बाकीची प्रलंबित प्रकरणं संपुष्टात येतील. सगळा प्रश्न या दोन कलमांत सुटतो. तुमची जमीन यांतल्या कुठल्या कप्प्यात बसते, एवढंच शोधायचं असतं.

ते शोधायला प्रक्रियेचे टप्पे माहीत हवेत. जमीनधारकाने कलम ६(१) चं विवरणपत्र भरायचं. कमाल मर्यादा मुंबईत ५०० चौरस मीटर, पुण्यात १,०००, लहान शहरांत २,००० पर्यंत. त्यावर कलम ८ खाली मसुदा, हरकती आणि ८(४) चा आदेश: इतकी जमीन अतिरिक्त, किंवा अतिरिक्त नाही. मग कलम ९ चं अंतिम विवरण, १०(१) ची जाहीर सूचना आणि १०(३) ची राजपत्रातली अधिसूचना. या अधिसूचनेने जमीन कागदावर शासनाची होते. त्यानंतर १०(५) ची नोटीस, तीस दिवसांत ताबा द्या म्हणून. नाही दिला तर १०(६) खाली बळाने ताबा.

फक्त ८(४) चा आदेश होऊन गाडी तिथेच थांबली असेल तर प्रकरण कलम ४ ने संपलं. १०(३) झालं, १०(५) ची नोटीस निघाली आणि ताबाही प्रत्यक्ष घेतला गेला, तर जमीन शासनाची आहे आणि रद्दीकरणाने ती परत येत नाही. खरी भांडणं मधल्या प्रकारात होतात: १०(३) झालं, पण ताबा कागदावरच राहिला. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध हरी राम या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की १०(३) ने मालकी जाते, प्रत्यक्ष ताबा जात नाही. ताबा स्वेच्छेने दिलेला असावा लागतो, किंवा १०(५) अथवा १०(६) प्रमाणे घेतलेला. म्हणून ताबा पावती आणि पंचनामा डोळ्यांत तेल घालून वाचावा. नोटीस मूळ मालकाच्या वारसांना मिळाली का? तीस दिवस संपण्याआधीच पंचनामा झाला का? पंच कोण होते? जागेवर तेव्हा इमारत किंवा भाडेकरू असताना पंचनाम्यात ‘मोकळी जमीन’ लिहिलंय का? अशा त्रुटींवर प्रकरणं जिंकली गेली आहेत. पण ती न्यायालयात मांडून जिंकली गेली, शेरा दुर्लक्षून नव्हे. शिवाय शासनाने त्या जमिनीपोटी काही रक्कम दिली असेल तर ती परत केल्याशिवाय जमीन मोकळी होत नाही, हेही कलम ३ मध्येच आहे.

आणि सोसायट्यांना सर्वांत जास्त भोवतं ते कलम २०. अतिरिक्त ठरलेली जमीन घेण्याऐवजी शासन मालकाला सवलत देई, अटींवर: ठरावीक आकाराचीच घरं बांधा, ठरावीक मुदतीत बांधा, काही सदनिका ठरलेल्या दराने शासनाने सुचवलेल्या लोकांना द्या. मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकार कोट्यातली घरं म्हणून जी ओळखली जातात ती याच वाटेने आली. या अटी जमिनीला चिकटतात. बिल्डर इमारत विकून निघून जातो, मूळ मालक हयात नसतो आणि तीस-पस्तीस वर्षांनी पुनर्विकासाचा प्रस्ताव निघाला की आदेशातली अट रहिवाशांसमोर येते. ‘कायदाच गेला तर अट कशी उरेल?’ हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे सविस्तर लढवला गेला. याचिका बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेचीच होती. २०१४ च्या निकालाने उत्तर दिलं: सवलतीचा आदेश टिकतो, त्यासोबत अटीही टिकतात आणि अटी मोडल्यास कलम २०(२) खाली सवलत काढून घेण्याचा अधिकारही टिकतो. बिल्डरांच्या वकिलांना जे साधलं नाही ते ग्रुपवरच्या चार ओळींनी साधणार नाही. पुढे २०१९ मध्ये राज्य शासनाने एकरकमी अधिमूल्य (प्रीमियम) भरून या अटींतून मोकळं होण्याची वाट काढली, शीघ्रसिद्धगणकातल्या (रेडी रेकनर) किमतीच्या टक्केवारीने. त्या रकमेला ढकलपत्र लाच म्हणतं. प्रत्यक्षात ती शासन निर्णयाप्रमाणे कोषागारात भरायची रक्कम आहे आणि तिचं चलन मिळतं.

ढकलपत्र ऐकून पुढे गेलं तर काय होतं, तेही सांगतो. सोसायटी विकसकाशी करार करते. विकसक पतपुरवठ्यासाठी बँकेकडे जातो, बँकेचा वकील ‘इतर हक्क’ रकान्यातला शेरा काढून दाखवतो. तोवर काही जण घरं रिकामी करून भाड्याने गेलेले असतात. अधिमूल्य कोणी भरायचं हे करारात नसतं, विकसक सोसायटीकडे बोट दाखवतो आणि काम थांबतं. म्हणून हा शोध विकसक निवडण्याआधी करायचा असतो आणि विकास करारात हा खर्च कोणाचा, किती मुदतीत, भरला नाही तर काय, हे स्पष्ट लिहून घ्यायचं असतं.

ढकलपत्राच्या ‘पैसे भरू नका’ यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. ८(४) च्या आदेशात ‘अतिरिक्त जमीन नाही’ असं लिहिलेलं असतानाही, किंवा प्रकरण कलम ४ ने संपलेलं असतानाही, ना-हरकत प्रमाणपत्र आणा म्हणून लोकांना अडवलं जातं. अशा शेऱ्यापोटी काहीही भरायचं नसतं. आदेशाची प्रत जोडून तो कमी करून घेण्याचा अर्ज करायचा असतो. पण आपलं प्रकरण त्या प्रकारचं आहे हे कागदाने ठरतं. आणि कागदही तपासून घ्या. मीरा-भाईंदरमध्ये बनावट यूएलसी प्रमाणपत्रांवर बांधकामं झाल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. प्रमाणपत्राचा जावक क्रमांक आणि तारीख कार्यालयाच्या नोंदवहीशी जुळते का, हे बघितल्याशिवाय कोणाच्याही झेरॉक्सवर विसंबू नये.

‘कायदा गेल्यामुळे घरं स्वस्त झाली’ यावर फार वेळ घालवत नाही. मुंबई-पुण्यात २००७ नंतर घर घेतलेल्या कोणालाही विचारा. हा कायदा फसला होता, यात शंका नाही. देशभरात सुमारे २ लाख २० हजार हेक्टर जमीन अतिरिक्त ठरली आणि प्रत्यक्षात मिळाली ती जेमतेम १९ हजार हेक्टर. मोठ्या शहरांत भरपाई चौरस मीटरला जास्तीत जास्त दहा रुपये, एकूण दोन लाखांच्या वर नाही. मालक न्यायालयात न जाता तरच नवल. कलम २० चा अधिकार मंत्रालयात एकवटला आणि सवलत हीच मुख्य वाट झाली. जेठमलानींचं निदान इथवर बरोबर होतं. पण कमाल मर्यादा निघाली म्हणून जमिनीला रस्ता, पाणी आणि मलवाहिनी मिळत नाही, आणि मालकावर ती विकण्याची सक्तीही उरत नाही. १९९८ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण व अधिवास धोरणाच्या काळात वर्षाला २० लाख जादा घरांचं उद्दिष्ट जाहीर झालं होतं, १३ लाख ग्रामीण आणि ७ लाख शहरी. ढकलपत्रात ते ‘बांधलेली घरं’ झालं आहे.

घटना आयोगाचा मुद्दा तर कालक्रमातच कोसळतो. न्या. एम. एन. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालचा आयोग २२ फेब्रुवारी २००० च्या शासकीय ठरावाने नेमला गेला, तेव्हा जेठमलानी कायदामंत्री होते, हे खरं. पण अहवाल आला ३१ मार्च २००२ रोजी, म्हणजे ते पायउतार झाल्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळाने. आयोगाला संविधानाच्या मूलभूत चौकटीला हात न लावता शिफारशी करायच्या होत्या, त्यामुळे ‘संविधान बदलणारा आयोग’ ही उलट्या बाजूची आवईही तितकीच खोटी. मालमत्तेबद्दल त्याने सुचवलं ते इतकंच: अनुच्छेद ३००-अ असा लिहा की मालमत्ता कायद्यानेच आणि सार्वजनिक प्रयोजनासाठीच घेता येईल, मनमानीने नाही, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेती, वन व बिगरशहरी राहत्या घराच्या जमिनी घेताना ताब्याआधी पुनर्वसनाची योजना कायद्यातच असेल. मालमत्तेचा हक्क मूलभूत करा असं त्यात नाही. आणि ही शिफारसही अमलात आली नाही. अनुच्छेद ३००-अ १९७९ साली लागू झाला तसाच आजही आहे. तो आणला ४४ व्या घटनादुरुस्तीने, कायदामंत्री शांती भूषण असताना.

याचा व्यवहारातला अर्थ असा की मालमत्तेचा हक्क घटनात्मक आहे, मूलभूत नाही. केवळ त्याच्या भंगासाठी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जायचं. तिथे हा हक्क दुबळा नाही. कोलकाता महापालिकेच्या २०२४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, रास्त भरपाई हे सगळं ३००-अ मध्येच वाचलं आहे. ताब्याचा पंचनामा खोटा आहे असं म्हणणाऱ्या सोसायटीला याचा उपयोग होईल.

माहितीच्या अधिकाराबद्दल एवढंच: १९९८ मध्ये नगरविकास मंत्री म्हणून जेठमलानींनी आपल्या मंत्रालयाच्या फाइली नागरिकांना पाहता याव्यात असा आदेश काढला होता आणि तो प्रशासनाने अडवला. ते पाऊल मोलाचं होतं आणि त्याची आठवण ठेवलीच पाहिजे. कायदा मात्र २००५ चा, त्यामागे अनेक वर्षांची लोकचळवळ आहे.

तोच कायदा इथे वापरा. अर्ज करा ‘जन माहिती अधिकारी, अपर जिल्हाधिकारी व सक्षम प्राधिकारी, नागरी संकुलन’ यांच्या नावे. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. सर्व्हे क्रमांक, हिस्सा क्रमांक, सिटीएस क्रमांक आणि १९७६ सालच्या मालकाचं नाव लिहा, कारण फाइल त्याच्या नावाने उघडलेली असते, सोसायटीच्या नाही. मागायच्या प्रती: ६(१) चं विवरणपत्र, ८(४) चा आदेश, १०(३) ची अधिसूचना, १०(५) ची नोटीस पोचपावतीसह, ताबा पावती व पंचनामा, आणि कलम २० चा आदेश त्याच्या परिशिष्टासह. अटी बहुधा परिशिष्टात असतात आणि नेमकं तेच पान प्रतीतून गळतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, आणि ‘फाइल सापडत नाही’ असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या.