‘गोळीच्या बदल्यात धर्म’ : त्या मेसेजला उत्तर

कापूस वेचणीला आला, गावोगावी आरोग्य शिबिरं सुरू झाली, की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: मिशनवाले मेळघाटात, यवतमाळ-गडचिरोलीच्या खेड्यांत फुकट औषधं वाटतात ती निव्वळ धर्मांतरासाठी, पैसा सगळा परदेशी, गोरे डॉक्टर येतात, फोटो काढतात, निघून जातात, आणि सरकारी दवाखाने असताना यांची गरजच काय? या वेळी तो माझ्या शाळेच्या ग्रुपवर आला, म्हणून लिहायला बसलो. मी अचलपूरकडचा, ख्रिस्ती घरातला, पेशाने फार्मसिस्ट. अशा शिबिरांत औषधांच्या टेबलावर बसतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या बोलण्यातून जे वजा करायचं ते वाचणाऱ्याला करता येईल.

धर्मांतराचं आधी. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले १८४५ साली. वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी १९३०च्या दशकात उभं केलं. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी (कुष्ठरोग) मिशनचा दवाखाना आहे. म्हणजे मिशनचं काम इथे पावणेदोनशे वर्षांपासून आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख, त्यात ख्रिस्ती १० लाख ८० हजार, म्हणजे ०.९६ टक्के. त्यातलाही मोठा वाटा मुंबई-ठाणे-वसईचा. गोळी देऊन धर्म विकत घेता येत असता, तर इतक्या वर्षांत हा हिशेब एवढाच राहिला असता का?

यावर ठरलेलं उत्तर येतं: लोक लपवतात. दलितांपुरतं यात तथ्य असू शकतं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात, त्यामुळे कागदावर वेगळं सांगायला कारण आहे. पण मेसेजमध्ये नाव मेळघाटाचं आहे, आणि तिथले कोरकू अनुसूचित जमातीत येतात. जमातीचा दाखला धर्मावर अवलंबून नाही. मग सवलतीसाठी त्यांनी लपवायचं काय?

आणि विदर्भात लाखोंनी धर्म बदलला तो दिवस सगळ्यांना पाठ आहे, १४ ऑक्टोबर १९५६. त्यामागे १९३५च्या येवल्याच्या घोषणेपासूनचा विचार होता, गोळ्यांची पाकिटं नव्हती. गरीब माणूस औषधाच्या पुडीवर धर्म सोडतो असं म्हणणारे मिशनऱ्यांपेक्षा गरिबांचाच जास्त अपमान करतात, असं मला वाटतं.

प्रार्थना होते का? होते. सकाळी टेबलं मांडून झाली की चर्चचे पाळक दोन मिनिटं प्रार्थना करतात, आम्ही डोळे मिटतो, मग नोंदणी सुरू. एखाद्या पेशंटने म्हटलं तर त्याच्यासाठीही करतात. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचेही मोफत दवाखाने चालतात, आणि तिथे महाराजांचा फोटो असल्याचं कुणाला खटकत नाही. खटकण्याचं कारणही नाही. फरक आहे, मान्य: संस्थानाला कुणाला आपल्या धर्मात घ्यायचं नसतं, मिशनमधल्या काहींना ती इच्छा असते. म्हणूनच माझी एक अट असते, ती मी आयोजकांना तोंडावर सांगतो. औषध घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या माणसासमोर पत्रक नाही, प्रवचन नाही. त्याला ‘नाही’ म्हणायची सोय नसते.

मेसेज लिहिणाऱ्याला खरंच काही धरायचं होतं, तर त्याने चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होतो असं सांगणाऱ्या सभा, धरायला हव्या होत्या. मंडपात माइकवरून ‘विश्वास ठेव, गोळ्या सोड’ असं सांगितलं जातं आणि मधुमेहाचा माणूस खरोखर गोळ्या सोडतो. मिरगीचा पेशंट औषध थांबवतो आणि चुलीजवळ फिट येऊन भाजतो. सिकलसेलच्या पोराचं, दुखण्याचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया बंद होतं आणि पुढच्या दुखण्याच्या झटक्याला घरचे त्याला दवाखान्यात न्यायच्या आधी सभेत नेतात. मधुमेह, मिरगी अशा आजारांवर चमत्कारी इलाजाची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. ती भोंदूबाबाला लागू आहे तशी ख्रिस्ती वक्त्यालाही. मिशनच्या डॉक्टरांना या सभांचा जेवढा राग येतो तेवढा बाहेरच्यांना येत नसेल, कारण बिघडलेला पेशंट शेवटी त्यांच्याच ओपीडीत येतो. मेसेजवाल्याने दवाखाना आणि सभा एकाच पोत्यात भरली, त्यामुळे खरा गुन्हेगार सुटला.

पैशाचं लवकर आटपतं. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. मी पाहिलेल्या बहुतेक शिबिरांचा खर्च मात्र मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वर्गणीतून आणि औषध कंपन्यांच्या सॅम्पलांतून निघतो.

गोऱ्या डॉक्टरांचंही तसंच. बाहेरच्या डॉक्टरला इथे पेशंट तपासायचा तर वैद्यकीय आयोगाची परवानगी लागते; पर्यटक म्हणून येऊन स्टेथोस्कोप लावता येत नाही. मी ज्यांच्या चिठ्ठ्या वाचतो ते डॉक्टर आपलेच असतात. त्यांतले काही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले; मिशनच्या शिफारशीवर प्रवेश घेतलेल्यांना पदवीनंतर ठरावीक काळ त्या मिशनच्या दवाखान्यात काढावाच लागतो. फोटो मात्र निघतात. कुपोषित लेकराला कडेवर घेऊन काढलेला फोटो मलाही आवडत नाही, तो काढणारा अमेरिकेचा असो की अमरावतीचा.

राहिला शेवटचा मुद्दा, सरकारी दवाखाने असताना गरज काय. नियमाने आदिवासी भागात २० हजार माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र हवं. इमारती बऱ्याच ठिकाणी आहेत. पण धारणीहून अमरावतीचं जिल्हा रुग्णालय दीडशेच्या आसपास किलोमीटर, तेही घाटातून. ही दरी एकट्या मिशनने भरलेली नाही. हेमलकशाला आमटे, गडचिरोलीत बंग, बैरागडला कोल्हे या डॉक्टरांनी आयुष्य घातलं, आणि त्यांच्यातलं कुणी ख्रिस्ती मिशनचं नाही. त्यांच्यात आणि कोठाऱ्याच्या दवाखान्यात साम्य एकच: ते तिथे राहिले. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्या माणसाला एकदा तपासून भागत नाही. जखम पुन्हा पुन्हा धुवावी लागते, मऊ रबराच्या एमसीआर चपला झिजल्या की बदलून द्याव्या लागतात.

एका दिवसाचं शिबिर इथे कमी पडतं, आणि मेसेजमध्ये नेमकी हीच टीका नाही. ब्लडप्रेशर १८० निघालं, पंधरा दिवसांच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळ्या दिल्या, पाकिटावर सकाळसाठी सूर्य काढून दिला. सोळाव्या दिवशी काय? एका आजीने मला विचारलंच: “गोळ्या त् देल्या बाप्पा, पन पुढच्या महिन्यात कोनाले मांगू?” तेव्हापासून आम्ही चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहितो आणि तीच गोळी आरोग्य केंद्रात मिळते का ते शिबिराआधी विचारून येतो. प्रेशर-शुगरवाल्यांची यादी आशाताईंकडे जाते. मोतीबिंदूवाल्यांची नावं घेताना ऑपरेशनची तारीख आणि न्यायची गाडी ठरलेली लागते, नाहीतर नावं घेऊच नयेत.

तुमच्या गावात शिबिर लागलं तर मेसेज पुढे ढकलण्याआधी तिथे जाऊन चौकशी करा. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कळवलंय का? डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? सॅम्पलच्या गोळ्यांची मुदत कधी संपते? पुढच्या महिन्याची गोळी कुठून मिळणार? उत्तर मिळालं नाही तर खुशाल तक्रार करा, शिबिर मिशनचं असो, संस्थानाचं असो, नाहीतर आमदाराच्या वाढदिवसाचं.