सरकारी आफ्टरस्कूल, लायसन्स आणि 20 तासांचं गणित

कॅलिफोर्नियात शहराच्या पार्क्स अँड रेक्रिएशन (बागा आणि मनोरंजन) खात्याच्या आफ्टरस्कूलमध्ये, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणाऱ्या कार्यक्रमात, मुलाचं नाव घालताना बरेच पालक धरून चालतात की सरकारी कार्यक्रम म्हणजे डेकेअरचं (पाळणाघराचं) लायसन्स असणारच. बहुतेकदा नसतं. आणि ते कायद्याला धरूनच असतं.

हेल्थ अँड सेफ्टी कोड या राज्याच्या कायद्याचं कलम 1596.792 शहर, काउंटी किंवा स्कूल डिस्ट्रिक्टच्या मनोरंजन कार्यक्रमांना डेकेअर लायसन्समधून सूट देतं. शाळकरी मुलांसाठी अट अशी: कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेरच हवा आणि आठवड्याला 20 तासांपेक्षा कमी, किंवा 12 महिन्यांत मिळून जास्तीत जास्त 14 आठवडे. मोजायचे ते कार्यक्रमाचे तास. तुमचं मूल दोनच दिवस जात असलं तरी फरक पडत नाही.

आता हिशोब बघा. दुपारी 2 ते 6, पाच दिवस: बरोबर 20, सूट गेली. अडीच ते 6 केलं की साडेसतरा. बुधवारी शाळा साडेबाराला सुटत असेल तर साडेएकोणीस, कसंबसं बसतं. पण पालकसभेच्या आठवड्यात पाचही दिवस शाळा साडेबाराला सुटली की आकडा साडेसत्तावीसवर जातो. वार्षिक वेळापत्रक आखताना नेमका हाच आठवडा नजरेतून सुटतो.

लायसन्स असेल तर इन्स्पेक्टर न सांगता येतो, 14 मुलांमागे एक शिक्षक लागतो, आत मुलामागे 35 चौरस फूट आणि बाहेर 75. सूट मिळाली की यातलं काहीच बंधनकारक राहत नाही, सगळं शहराच्या स्वतःच्या नियमांवर. (कर्मचाऱ्यांचे बोटांचे ठसे घेऊन गुन्ह्यांची नोंद तपासणं मात्र सुटत नाही, तो कायदा वेगळा आहे.)

सूट काढून टाका असं मी म्हणणार नाही. सगळ्या अटी लादल्या तर शहरं फी वाढवतील किंवा कार्यक्रमच गुंडाळतील, आणि फटका बसेल दुसरी सोय न परवडणाऱ्या घरांना. पण निव्वळ तास हा मापदंड चुकीचा आहे. साडेएकोणीस तासांच्या कार्यक्रमात एका कॉलेजच्या पोरावर तीस मुलं सोपवलेली चालतात, हे कुठल्या हिशोबात बसतं? सूट हवी असेल तर मुलांमागे माणसं किती आणि घरी जाताना मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं, एवढ्या दोन गोष्टी तरी कायद्यानेच ठरवून द्याव्यात.

तोवर नाव घालताना लायसन्स नंबर मागा. नाही म्हणाले तर माणसांचं प्रमाण लेखी घ्या, एपिपेन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) कोण देणार ते नावानिशी विचारा, आणि तक्रार शहरात नेमकी कोणाकडे करायची तेही.