एक टक्का खरा, पण कुठला एक टक्का?

भाचीला वादविवाद स्पर्धेत शहरांच्या वाढीवर बोलायचंय. तिने मुद्दे म्हणून मला एक फॉरवर्ड पाठवला आणि विचारलं, "मावशी, हे बरोबर आहे ना?" मजकूर अनेकांकडे आला असेल: शहरं जेमतेम एक टक्का जमिनीवर आहेत, जगातली सगळी माणसं अमेरिकेतल्या एकट्या टेक्सास राज्यात मावतील, शहर वाढतं ते पडीक जमिनीवर, तोडलेली झाडं दुसरीकडे लावता येतात, आणि या वाढीला विरोध करणाऱ्यांना गरिबांना घरं मिळू द्यायची नाहीत.

नाही, बरोबर नाही. वाचायला इतकं पटणारं आहे, म्हणूनच सविस्तर उत्तर देतेय.

आधी तो एक टक्का. आकडा ढोबळमानाने खरा आहे, हे मान्य करावं लागतं. राहण्याजोग्या जमिनीपैकी साधारण तेवढीच शहरांखाली आणि बांधकामाखाली आहे. जंगलं आणि गवताळ प्रदेश सर्वांत जास्त गेले ते शेती आणि चराईपायी, हेही खरं. पण म्हणून काळजीचं कारण नाही, असं होत नाही. माणसांनी वस्ती केली ती नदीकाठी, गाळाच्या मैदानात, जिथे पाणी होतं आणि पीक येत होतं तिथे. त्याच वस्त्यांची पुढे शहरं झाली. ती आता पसरतात ती वाळवंटावर नव्हे, शेजारच्या कसदार जमिनीवर.

अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात याचा हिशोबच मांडलेला आहे. शहरांच्या विस्तारामुळे २०३० पर्यंत जगातली १.८ ते २.४ टक्के पिकाऊ जमीन जाईल, असा त्या संशोधनाचा अंदाज होता. त्यातली सुमारे ८० टक्के जमीन आशिया आणि आफ्रिकेतली. आणि ही जमीन जगाच्या सरासरीपेक्षा १.७७ पट जास्त पिकवणारी. २००० साली जगाच्या एकूण पीक उत्पादनातला ३ ते ४ टक्के वाटा तिचा होता. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने क्षेत्रफळ मोजलं, जमिनीचा कस मोजलाच नाही. शिवाय कसदार जमीन गेली की तेवढंच धान्य हलक्या जमिनीत पिकवावं लागतं. त्याला जास्त जमीन लागते आणि ती बऱ्याचदा जंगल तोडून काढली जाते. म्हणजे शेतीच्या नावावर मांडलेल्या जंगलतोडीतही शहरांचा वाटा असतो. खडी-वाळूच्या खाणी, शहराला पाणी देणारी धरणं, वेशीबाहेरचे कचऱ्याचे डोंगर हे त्या एक टक्क्यात सहसा धरलेलेच नसतात.

टेक्सासचा मुद्दा लवकर संपतो. सुमारे ६ लाख ९५ हजार चौरस किलोमीटर ८०० कोटी माणसांत वाटले तर प्रत्येकी ८७ चौरस मीटर येतात. गणित बरोबर आहे. पण त्यात रस्ता नाही, शाळा नाही, दवाखाना नाही, आणि ८०० कोटी माणसांचं अन्न-पाणी कुठून येणार याचा विचारही नाही.

मला खरा राग येतो तो पडीक जमिनीच्या मुद्द्याचा, कारण याच्याच आधारावर भराव पडतात. पाणथळ, माळरान, ओढ्याचा काठ, नदीचं पूरक्षेत्र, सगळं एका फटक्यात निरुपयोगी ठरवलं जातं. पावसाच्या पाण्याचं काय होतं ते पाहा. अमेरिकी सरकारी संस्थांच्या मार्गदर्शिकेत दिलेल्या ढोबळ प्रमाणानुसार, नैसर्गिक आच्छादन असलेल्या जमिनीवरून पावसाचं सुमारे १० टक्के पाणी वाहून जातं आणि निम्मं मुरतं. तीच जमीन तीन चतुर्थांशाहून जास्त सिमेंट-डांबराखाली गेली की ५५ टक्के वाहून जातं आणि मुरतं फक्त १५ टक्के. माती आणि उतारानुसार आकडे बदलतील, दिशा बदलणार नाही. पावसाळ्यात खालच्या वस्त्यांत पाणी शिरतं आणि उन्हाळ्यात विहिरी-बोअर तळ गाठतात, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. त्या ‘पडीक’ जागेचं काम चालू होतं. तिथे पीक उभं नव्हतं, एवढंच. आणि एकदा काँक्रीट झालं की ही जागा परत मिळत नाही. एक सेंटीमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागू शकतात.

झाडं दुसरीकडे लावण्याबद्दल एवढंच सांगते: झाडं लावून पाणथळ परत येत नाही. आणि माळरानावर झाडं लावली तर उघड्या गवतात घरटी करणाऱ्या चंडोलासारख्या पक्ष्यांची तीही जागा जाते.

राहिला घरांचा मुद्दा. त्यात तथ्य आहे. शहराला हद्द आखायची आणि आत दाट वस्तीलाही परवानगी द्यायची नाही, असं केलं तर घरं महागतात आणि मार गरिबांना बसतो. पण घरं देण्यासाठी शहर पसरावंच लागतं, हे खोटं. १९९० च्या सुमारास स्पेनमधल्या बार्सिलोनात २८ लाख माणसं १६२ चौरस किलोमीटर बांधलेल्या क्षेत्रात राहत होती. अमेरिकेतल्या अटलांटात त्याहून कमी, २५ लाख माणसांसाठी ४,२८० चौरस किलोमीटर लागले. जवळपास सव्वीस पट जमीन! शहराच्या टोकाला स्वस्त घर घेणाऱ्याचा तासन् तास प्रवास, त्याचं भाडं, आणि सर्वांत शेवटी पोहोचणारी पाण्याची लाइन हा खर्च त्या फॉरवर्डमध्ये कुठेच मांडलेला नाही.