माणसं मोजली, खोल्या मोजल्या, भाडं मोजलं : कोविडमधल्या विमानबंदीचा हिशेब

कोविड आणि विमानं हा विषय निघाला की वाद अजूनही त्याच वळणावर जातो. न्यूझीलंडनं सगळं कडेकोट बंद केलं, अमेरिकेनं मोकळं सोडलं, आणि आपण मधेच कुठेतरी लटकलो. एकीकडे कडक देश, दुसरीकडे ढिले देश. साथीच्या बाबतीत ही विभागणी चालेलही, पण विमान वाहतुकीपुरतं बोलायचं तर मला ती अजिबात पटत नाही. आदेश किती कडक होता यापेक्षा आदेशात मोजायचं काय ठरलं होतं, यावर प्रवाशाचे हाल ठरले. ऑस्ट्रेलियानं उतरणारी माणसं मोजली, न्यूझीलंडनं हॉटेलच्या खोल्या, चीननं फेऱ्या आणि त्यातले पॉझिटिव्ह, अमेरिकेनं पगार. आपण उड्डाणांची टक्केवारी मोजली आणि तिकिटाचा दर मोजला.

ऑस्ट्रेलियाचं गणित सगळ्यात उघडं आहे, म्हणून आधी ते. २० मार्च २०२० च्या रात्री ९ पासून परदेशी नागरिकांना दार बंद झालं. स्वतःच्या नागरिकांना परत यायला मुभा होती, पण जुलै २०२० पासून दर आठवड्याला किती जणांनी उतरायचं यावर मर्यादा आली. कारण साधं होतं: प्रत्येकाला १४ दिवस हॉटेलात ठेवायचं, त्यावर पोलीस आणि नर्स नेमायच्या, आणि हे सगळं राज्यांच्या अंगावर. जुलै २०२१ मध्ये तर ही मर्यादा आठवड्याला ६,०७० वरून ३,०३५ वर आणली.

आता हे विमान कंपनीच्या बाजूनं बघा. साडेतीनशे आसनांचं विमान आहे आणि उतरवायची परवानगी ३० जणांची. इंधन, वैमानिक, उतरण्याचं शुल्क, यातलं काहीच ३० माणसांच्या हिशेबानं कमी होत नाही. मग ते विमान उडतं कशावर? पोटातल्या मालावर. एरवी जगातला साधारण निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो; विमानं बसल्यावर मालाचे दर असे चढले की प्रवासी हा वरकड उत्पन्नाचा भाग झाला. मग त्या ३० जागा कोणाला मिळणार? ज्याच्या तिकिटाचा दर सगळ्यात जास्त त्याला. म्हणून मागचे इकॉनॉमीचे डबे रिकामे, पुढे बिझनेस क्लास भरलेला, आणि इकॉनॉमीचं तिकीट हातात धरून माणूस तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘तुमची फ्लाइट रीशेड्यूल झाली आहे’ हा मेसेज वाचतोय. यात कंपनीनं लबाडी केली असं म्हणता येणार नाही. नियमानं डोकी मोजली, डोक्यांची निवड कशी करायची ते सांगितलंच नाही. ती उणीव तिकिटाच्या दरानं भरून काढली. सिडनीला उतरल्यावर हॉटेलचं बिल माणशी ३,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, ते वेगळंच.

भारताच्या बाबतीत त्यांनी पुढची पायरी गाठली. ३ मे ते १५ मे २०२१ या काळात, आधीच्या १४ दिवसांत भारतात राहून आलेल्या माणसानं, मग तो ऑस्ट्रेलियाचा नागरिक का असेना, देशात पाऊल ठेवलं तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. त्याच आठवड्यात आयपीएल थांबली आणि त्यांचे क्रिकेटपटू मालदीवमध्ये जाऊन बसले. पैसा आणि चार्टर असलेल्यांची ही गत, तर पुण्याहून मेलबर्नला मुलीकडे जाऊ पाहणाऱ्या नातेवाइकांची किंवा परतायला निघालेल्या विद्यार्थ्यांची काय असेल, ते तुम्हीच समजा.

न्यूझीलंडचं वेगळं. तिथे विमानात जागा होत्या, विमानतळावर जागा होती, नव्हती ती खोली. परत यायचं तर आधी सरकारी विलगीकरणातल्या खोलीचं व्हाउचर, मगच विमानात पाय. सुरुवातीला खोल्या ‘जो आधी क्लिक करेल त्याची’ या पद्धतीनं सुटायच्या. परिणाम ठरलेला: रात्रंदिवस पान रिफ्रेश करणारे लोक, आणि त्यांच्या पुढे स्वयंचलित प्रोग्रॅम चालवणारे. आपल्याकडे तत्कालचं रेल्वे तिकीट काढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी रांगेतला क्रमांक चिठ्ठी टाकल्यासारखा द्यायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत खोल्या सुमारे ३ हजार आणि रांगेत ३० हजारांहून जास्त माणसं. त्या रांगेत ज्याची आई मरणपंथाला लागली आहे तो आणि सुट्टीला येऊ पाहणारा, दोघांना सारखीच संधी. पुढे एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं सांगितलं की या वाटपानं काही नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्कावर अवाजवी गदा आली.

एक मान्य करायलाच हवं. न्यूझीलंडमध्ये जून २०२० मध्येच देशांतर्गत व्यवहार जवळपास मोकळे झाले होते. ऑकलंडहून क्राइस्टचर्चला माणसं निवांत उडत होती, तेव्हा आपल्याकडे विमानात फेस शील्ड लावून बसावं लागत होतं. आतलं विमान वाचलं, बाहेरचं गेलं. हा सौदा त्यांनी डोळसपणे केला आणि माणसं वाचली. तक्रार खोल्यांच्या वाटपाची आहे, बंदीची नाही.

चीननं जे केलं ते कागदावर सगळ्यात हुशार आणि प्रत्यक्षात सगळ्यात बेभरवशाचं. मार्च २०२० अखेरपासून नियम असा: एका कंपनीनं एका देशाला एकच मार्ग ठेवायचा आणि त्यावर आठवड्याला एकच फेरी. जून २०२० पासून त्याला घरातल्या फ्यूजसारखी ‘सर्किट ब्रेकर’ जोडली. एका फेरीतले ५ प्रवासी पॉझिटिव्ह निघाले की तो मार्ग एक आठवडा बंद, १० निघाले तर चार आठवडे. सलग तीन आठवडे एकही नाही निघाला, तर बक्षीस म्हणून आणखी एक फेरी.

गोम अशी की शिक्षा त्या फेरीतल्या माणसांना होत नाही. ती तर उतरून विलगीकरणात गेलेली असतात. शिक्षा होते पुढच्या आठवड्यांतल्या फेऱ्यांना, ज्यांची तिकिटं महिनोन् महिने आधी आणि अव्वाच्या सव्वा दरानं विकली गेलेली. कंपनी तरी काय करणार? चढताना निगेटिव्ह आणि उतरल्यावर पॉझिटिव्ह, हे उष्मायन काळात होणारच. म्हणून नोव्हेंबर २०२० पासून चीननं ४८ तासांच्या आतल्या दोन चाचण्या मागायला सुरुवात केली: घशातली पीसीआर आणि रक्तातली आयजीएम. ही दुसरी चाचणी प्रतिपिंडं बघते, त्यामुळे विषाणू अंगात नसला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. असे लोक धडधाकट असून विमानतळावरून परत गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को–शांघाय फेरीवर हा खटका पडला आणि चार आठवडे ४० टक्केच प्रवासी नेण्याची अट आली. अमेरिकेनं उलट चार चिनी कंपन्यांच्या फेऱ्यांवर चार आठवडे तोच ४० टक्क्यांचा नियम लावला. साथीचा नियम पाहता पाहता व्यापारी भांडणाचं हत्यार झाला, आणि भरडले गेले विद्यार्थी. सर्किट ब्रेकर काढला नोव्हेंबर २०२२ मध्ये, विलगीकरण ८ जानेवारी २०२३ ला.

ब्रिटन आणि यूएई यांनी देश मोजले. ब्रिटननं भारताला लाल यादीत टाकलं २३ एप्रिल २०२१ ला, आणि चार दिवस आधी जाहीर केलं. त्या चार दिवसांत जी झुंबड उडाली तिला जादा फेऱ्या द्यायला लंडनच्या हीथ्रो विमानतळानं नकार दिला. लाल यादीतून आलेल्याला हॉटेलचं पॅकेज १,७५० पाउंड, ऑगस्टपासून २,२८५. यूएईनं त्याच आठवड्यात भारताहून येणारी वाहतूक थांबवली, पण १४ दिवस तिसऱ्या देशात काढून आलेल्याला अडवलं नाही. मग काय, आखातातली नोकरी टिकवायला लोक आर्मेनियात जाऊन १४ दिवस राहिले. ज्या नियमात देश मोजला जातो, त्याला वळसा घालण्याचा रस्ता नकाशातच असतो.

आता आपलं घर. २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत विमानं पूर्ण बंद, २५ मेला सुरू, तीही उन्हाळी वेळापत्रकाच्या एक-तृतीयांश. मग ४५, ६०, ७०, ८० टक्के. दुसऱ्या लाटेत जून २०२१ मध्ये परत ५०. शंभर टक्के झाली १८ ऑक्टोबर २०२१ ला. ही टक्केवारी उड्डाणांची होती, विमानातल्या गर्दीची नाही. उड्डाणं तिसरा हिस्सा, पण उडालेलं विमान खच्चून भरलं तरी चालेल! मधलं आसन न्यायालयात गेलं, आणि त्यातून डीजीसीएचा, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचा, तो अजब आदेश निघाला: शक्यतो मधलं आसन रिकामं ठेवा, नाही तर तिथल्या प्रवाशाला अंगभर गाउन द्या. तीन पदरी मास्क, त्यावर फेस शील्ड, त्याखाली गाउन, आणि कोपराला कोपर लावून दोन्हीकडे गाउन नसलेली माणसं. मोजायचं एकक चुकलं की असली शिवणकामं करावी लागतात.

दरांचं मात्र नीट बघण्यासारखं आहे. उड्डाणाच्या वेळेनुसार सात गट केले. ४० मिनिटांच्या आत २,००० ते ६,००० रुपये, आणि असं चढत चढत तीन ते साडेतीन तासांना ६,५०० ते १८,६००. मुंबई–दिल्ली ३,५०० ते १०,०००. शिवाय अट: किमान ४० टक्के जागा मधल्या दराच्या खाली विकायच्या, म्हणजे १८० आसनांच्या विमानात ७२ जागा साधारण ६,७०० च्या आत. जीएसटी आणि विमानतळ शुल्क वेगळं. वरची मर्यादा प्रवाशासाठी, हे कळतं. खालची कोणासाठी? ज्या कंपनीच्या खिशात रोकड आहे तिनं दर पाडून अशक्त कंपनीला मारू नये, यासाठी. म्हणजे पडक्या कंपन्यांना सरकारनं थेट पैसा दिला नाही. तो रिकाम्या विमानात स्वस्त तिकीट मिळू शकलं असतं त्या प्रवाशाकडून काढून दिला. चांगलं-वाईट ठरवायचं ते ठरवा, पण ‘भारतात विमान कंपन्यांना मदत झालीच नाही’ हे म्हणणं खरं नाही. सप्टेंबर २०२१ पासून ही मर्यादा पुढच्या १५ दिवसांतल्या प्रवासापुरतीच राहिली. सोळाव्या दिवसापासून दर मोकळे. त्यामुळे लांबचं तिकीट कधी स्वस्त मिळे आणि घाईचं तिकीट किमान दराला चिकटलेलं असे. हे सगळं उठलं ३१ ऑगस्ट २०२२ ला.

आणि राज्यं. केंद्रानं उड्डाणं मोजली, राज्यांनी आपापलं काहीतरी मोजलं. २५ मेला मुंबईतून फक्त २५ उड्डाणं आणि २५ आगमनं. ज्या विमानतळानं २०१८ मध्ये एका दिवसात हजारावर फेऱ्या हाताळल्या, तिथे ही पन्नास. उतरलेल्याच्या डाव्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का. जुलैत पश्चिम बंगालनं मुंबई, पुणे, नागपूरसह सहा शहरांची विमानं कोलकात्याला बंद केली. नोव्हेंबरात आपल्या महाराष्ट्रानं दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून विमानानं येणाऱ्यांकडे ७२ तासांतला आरटीपीसीआर मागितला. गोव्याहून विमानानं आलात तर विमानतळावर कागद दाखवा. मोटारीनं आलात तर हद्दीवर ताप बघणार. पणजीचा माणूस सगळीकडे तोच.

अमेरिकेनं पगार मोजला, आणि मला वाटतं उद्योग टिकवण्याच्या दृष्टीनं हे सगळ्यात शहाणपणाचं होतं. एप्रिल २०२० च्या मध्यात विमानतळांवर दिवसाला ८७ हजारांच्या आसपास प्रवासी उरले होते, आदल्या वर्षी त्याच दिवसांत वीस लाखांच्या वर. तीन हप्त्यांत मिळून सुमारे ५४ अब्ज डॉलर प्रवासी कंपन्यांना गेले, मुख्य अट: सक्तीनं कोणाला काढायचं नाही. पण ‘सक्तीनं’ या शब्दातच भोक होतं. स्वेच्छानिवृत्ती चालत होती. एकट्या डेल्टा कंपनीत १,८०० च्या आसपास वैमानिकांनी ती घेतली. मोठ्या विमानाचा एक ज्येष्ठ कॅप्टन गेला की त्याच्या जागी खालचा, त्याच्या जागी आणखी खालचा, आणि प्रत्येकाला नव्या विमानाचं सिम्युलेटर प्रशिक्षण. एका निवृत्तीमागे अशी पाच-सहा प्रशिक्षणं लागतात. २०२२ मध्ये प्रवासी परतले, सिम्युलेटरची रांग मात्र सरेना, आणि लहान गावांची विमानं बंद पडली. युरोपात तीच गोष्ट सामान हाताळणाऱ्यांची: काढून टाकले, परत घ्यायचे तर विमानतळाच्या पाससाठी पाच वर्षांची पार्श्वभूमी तपासा. जुलै २०२२ मध्ये हीथ्रोला दिवसाला निघणाऱ्या एक लाख प्रवाशांची मर्यादा घालावी लागली ती विषाणूमुळे नव्हे, बॅगा उचलायला हात नव्हते म्हणून.

उभ्या विमानांचंही तसंच. विमान ही गॅरेजमध्ये झाकून ठेवायची वस्तू नाही. इंजिनाची तोंडं झाकायची, आत सिलिका जेलच्या पिशव्या, चाकं ठरावीक दिवसांनी फिरवायची, इंधनात बुरशी धरू नये म्हणून जंतुनाशक. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या उघड्या राहिल्या तर त्यात किडे घर करतात आणि पहिल्याच उड्डाणात वेग चुकीचा दिसतो. जुलै २०२० मध्ये अमेरिकी नियामकानं सात दिवस किंवा जास्त उभ्या राहिलेल्या बोइंग ७३७ साठी तातडीचा आदेश काढला: इंजिनातली एक हवेची झडप गंजून अडकते, दोन्ही इंजिनं बंद पडू शकतात. वैमानिकाला ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणं लागतात, ते वेगळं. म्हणून पूर्ण बंदीपेक्षा ३३ टक्के बरी: तेवढ्यात विमानं आणि माणसं दोन्ही आलटून पालटून फिरवता येतात. आपल्या टक्केवारीचा हा फायदा कोणी ठरवून केला होता असं वाटत नाही, पण झाला.

राहिले तिकिटाचे पैसे. ते सुरुवातीला आपल्याकडे कोणीच मोजले नाहीत. कंपन्यांनी क्रेडिट शेल दिले, म्हणजे पैसे आमच्याकडेच, तुम्ही पुढे कधीतरी उडा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल आला १ ऑक्टोबर २०२० ला. लॉकडाउनच्या काळातल्या प्रवासासाठी लॉकडाउनमध्येच काढलेल्या तिकिटाचा पूर्ण परतावा लगेच. आधी काढलेलं असेल तर १५ दिवसांत परतावा, आणि कंपनी अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंतचा शेल, त्यावर जूनअखेर महिना अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का. तिकीट एजंटाकडून असेल तर पैसे आधी एजंटाकडे. अमेरिकेत परिवहन खात्यानं ३ एप्रिल २०२० लाच बजावलं होतं की उड्डाण कंपनीनं रद्द केलं तर व्हाउचर चालणार नाही, पैसेच द्या. तो नियम तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या कंपन्यांना लागू. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याखाली एअर इंडियाला उशिराबद्दल १४ लाख डॉलर दंड झाला आणि प्रवाशांना परत द्यायची रक्कम होती १२ कोटी १५ लाख डॉलर.