दोन ओळींच्या रिपोर्टबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. बाबांच्या मांडीतली गाठ चरबीची आहे हे फॅमिली डॉक्टरांनी हात लावूनच सांगितलं होतं, तरी सीटी स्कॅनचे पैसे गेले, सुई लावून औषध दिलंच नाही आणि रिपोर्ट जेमतेम दोन ओळींचा, असं तुमचं म्हणणं.

आधी सुईचं. कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये भाग ठळक दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध, लागला तर असावी म्हणून ती लावली होती. त्या औषधाशिवायचा प्लेन स्कॅन बघून आमच्या रेडिओलॉजिस्टना गरज वाटली नाही. या वयात किडनीवर विनाकारण भार कशाला? ते पैसे बिलात धरलेले नाहीत, बघून घ्या.

कातडीखालची, बोटाखाली सरकणारी मऊ गाठ हाताला कळते, फार तर सोनोग्राफी पुरते. मनगटावर शेंगदाण्याएवढी गाठ घेऊन कुणी सीटीला आलं, तर आम्हीच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारतो (धंद्याच्या दृष्टीने हा शहाणपणा नाही, पण असो). मांडीच्या स्नायूंत खोल बसलेल्या गाठीचं तसं नसतं. तिथे लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ, आणि लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचाच कॅन्सर, हाताला सारखेच लागू शकतात. सीटीत घनता आकड्यात मोजता येते: पाणी ०, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे ५० ते उणे १५०. पण आकडा चरबीचा आला म्हणून काम संपत नाही. आतले पडदे २ मिलिमीटरपेक्षा जाड आहेत का, चरबी नसलेला एखादा भाग दडलाय का, गाठ १० सेंटिमीटरच्या पुढे गेलीय का, हे सगळं बघावं लागतं. तुम्ही टाकलेल्या फोटोतली दुसरी ओळ पुन्हा वाचा: ‘जाड पडदे नाहीत, घन भाग नाही.’ पैसे त्या ओळीचे आहेत.

अशा गाठींना एमआरआय जास्त चांगला, हे तुमचं बरोबर. पण बाबांना पेसमेकर आहे असं तुम्हीच लिहिलंय. पेसमेकर असला की एमआरआय सरसकट करता येत नाही. सर्जनच्या चिठ्ठीवरही सीटीच होतं.

ताटकळावं लागलं, कारण मधे अपघाताचा पेशंट आला. तो आधी घ्यावाच लागतो.

सीडी जपून ठेवा. गाठ वाढली किंवा दुखू लागली तर तीच घेऊन सर्जनना भेटा. शंका असेल तर दादरच्या सेंटरवर संध्याकाळी बाबांना घेऊन या, रेडिओलॉजिस्ट स्क्रीनवर दाखवतील. त्याचे पैसे नाहीत.